नाण्यांसकट खिसाही साफ: ४५७ पौंडांचा अनुभव

चारशे सत्तावन्न पौंड गेले. रुपयांत पन्नास हजारांच्या वर. यात नाण्यांची किंमत धरलेली नाही, ते ३१० पौंड वेगळेच. हे पैसे निव्वळ नाणी साफ करून देण्याचे. घरी हा आकडा मी अजून पूर्ण सांगितलेला नाही.

मातीसकट विकल्या जाणाऱ्या रोमन नाण्यांचा नाद ज्यांना आहे, त्यांना त्यातली नेहमीची लबाडी ठाऊक असतेच: चांगली आधीच काढून घ्यायची आणि उरलेल्या गाळाला 'न चाळलेला साठा' म्हणायचं. त्यात मी फसलो नाही. माझी १४ नाणी जुन्या विक्रेत्याकडून पावतीसकट घेतलेली, बहुतेक चौथ्या शतकातली, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची. मला गाठलं ते पुढच्या पायरीवर, जिथे कोणी सावध करत नाही.

साफ मी स्वतःच करत होतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायची, पाणी बदलत राहायचं, लाकडी टूथपिकनं माती सैल करायची, महिनोन्‌महिने. (पुण्याहून आईचा सल्ला: "चिंच लाव, लख्ख होतील." चिंच, लिंबू, व्हिनेगर, काही म्हणजे काही लावू नका. वरचा गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर, पॅटिना, हाच नाण्याचा चेहरा. अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच उरलेली असतात. आम्लात थर गेला की तीही गेली.) पण दोन नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी यायला लागली, पुसली की पुन्हा. ब्रॉन्झ डिसीज. मातीतलं क्लोराइड धातूत शिरलेलं असतं. हवेतला ओलावा मिळाला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि नाणं आतून खात सुटतं. इंग्लंडच्या दमट हिवाळ्यात हे बघून माणूस घाबरणार नाही तर काय करेल?

तेव्हा तो सापडला. स्वतःला कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुन्या वस्तूंचा संवर्धक, म्हणवणारा, 'आधी' आणि 'नंतर'चे देखणे फोटो, बोलणं अदबशीर. इथे कॉन्झर्व्हेटर म्हणवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. 'आयकॉन' ही संवर्धकांची संस्था मान्यता दिलेल्यांची यादी ठेवते, ती फुकट बघता येते, बघा. नाण्यामागे १८, म्हणजे १४ नाण्यांचे २५२ पौंड, बँक ट्रान्सफरनं. कार्ड घेत नाही म्हणाला. मग निरोप: पाच नाण्यांना रोग आहे, उपचाराचे ८५ वेगळे. दिले. चार दिवसांनी: पाचही बरी झाली.

चार दिवसांत! सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाण्यात क्लोराइड निघायला आठवडे लागतात, कधी महिने. मग धुणं, वाळवणं, वरून लेप. पण ऑफिसच्या गडबडीत 'बरी झाली' एवढंच वाचलं जातं.

खरी आग होते ती पुढच्या फोटोनं. तुमच्यातलं एक नाणं लंडनच्या टांकसाळीचं निघालं, म्हणाला. दोन सैनिक, मध्ये ध्वजदंड, खाली 'पी एल ओ एन' ही अक्षरं, म्हणजे लंडनच्या टांकसाळीची खूण. खास मेणाचा लेप आणि प्रमाणपत्र, १२० पौंड. आता बघा: लंडनची टांकसाळ ३२५च्या सुमारास बंद झाली. दोन सैनिकांची ही नाणी पाडायला सुरुवात झाली ३३०मध्ये. असं नाणं असूच शकत नाही, आणि हे मला ठाऊक होतं! झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण रात्री अकराला आलेला फोटो, मोबाइलचा एवढासा पडदा, लेकाला ताप, आणि वर 'लंडन' हे नाव. कोणाचंही डोकं पाच मिनिटं बंद पडेल. त्यानं गिऱ्हाईक नेमकं हेरलं होतं. ज्याला यातलं काहीच कळत नाही तो लंडनच्या नावाला भुलला नसता, ज्याला पुरतं कळतं तो हसला असता. मी मधला.

नाणी परत आली ती तपकिरी झाक घेऊन. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन फिरवलं (खिडकी उघडी, गॅसपासून लांब) तर झाक बोळ्यावर उतरली. खाली देवघरातल्या ताम्हणासारखं लख्ख तांबं, वर खड्डे. 'लंडन'ची अक्षरं सुईनं कोरलेली, खोबणीतला धातू अजून चकचकीत. आणि तीन नाणी तर माझी नव्हतीच. पाठवण्याआधी मी प्रत्येक नाणं तोलून लिहून ठेवलं होतं. २.१० ग्रॅमचं नाणं साफ होऊन २.६४ ग्रॅमचं कसं होईल?

मग कचेऱ्यांची वारी. ऑक्टोबर २०२४पासून ब्रिटनमध्ये नियम आहे: फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे बँकेनं परत द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत. माझी बँक म्हणाली, तुम्हाला सेवा मिळाली, नाणीही मिळाली, फक्त तुमचं समाधान झालं नाही. हा दिवाणी वाद, नियमात बसत नाही. समाधान! वजनांची यादी पाठवली, तर उत्तर आलं की ही वजनं 'ग्राहकानं स्वतः केलेली' आहेत. मग काय, तोलायला हवालदार बोलवायचा होता? पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरला, क्रमांक मिळाला, मग पत्र: तपास होणार नाही, बँकेशी बोला. बँक म्हणते पोलिसांशी बोला. ग्राहक सल्ल्याच्या फोनवरच्या बाईंनी विचारलं, नाण्यांची वॉरंटी होती का. जवळपास सतराशे वर्षांपूर्वीच्या नाण्यांची! जाहिरात ज्या साइटवर होती ते म्हणे, व्यवहार आमच्यामार्फत झालाच नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा म्हणतात सगळे. जाईन, पण नोटीस कुठे पाठवू? त्याचा पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी.

क्रेडिट कार्ड असतं तर ब्रिटनच्या १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५व्या कलमानं १०० पौंडांवरच्या खरेदीला कार्डवाल्या बँकेलाही जबाबदार धरता आलं असतं. कार्ड नको म्हणणाऱ्याला तिथंच रामराम करा. नाणं हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन दोन दशांशांपर्यंत. भुकटी दिसली तर ते नाणं वेगळं काढून हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा. कोरडं राहिलं की रोग थबकतो, चांगला माणूस शोधायला वेळ मिळतो. हे मला कोणी आधी सांगितलं नाही.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली, नाव वेगळं. 'आधी'च्या फोटोत माझं २.१० ग्रॅमचं नाणं आहे; कडेची चीर माझ्या फोटोशी तंतोतंत जुळते. दोन्ही फोटो बँकेला पाठवलेत, उत्तर नाही. दर आता नाण्यामागे २२ पौंड झालाय.