स्केल चेंजर पेटी: शाळेच्या समूहगानासाठी घ्यावी का?

शाळेत समूहगान बसवणाऱ्या शिक्षकाची बोटं विशारद (संगीताची परीक्षा) होईपर्यंत एकाच पट्टीला, म्हणजे सा म्हणून धरलेल्या एकाच सुराला, बसलेली असतात. पुरुषाची बहुतेक काळी एकला (पेटीतली पहिली काळी पट्टी सा धरून), बाईंची काळी चार किंवा पाचला. मुलांची पट्टी मात्र शिक्षकाच्या गळ्यावरून ठरत नाही, ती गाण्यावरून ठरते. राष्ट्रगीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नीपासून तार (वरच्या सप्तकातल्या) सापर्यंत जातं, म्हणून पाचवी-सहावीच्या वर्गाला पांढरी दोन किंवा काळी दोन सोयीची पडते. मंद्र पंचमाला उतरणारी आणि वर धैवतापाशीच थांबणारी प्रार्थना घेतली, तर सा पांढरी चारला न्यावा लागतो. नाहीतर खालच्या ओळीत निम्मा वर्ग नुसते ओठ हलवतो. म्हणजे 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला तीन गाणी असली, तर तीन पट्ट्या लागतात. स्केल चेंजर पेटी घ्यायची ती एवढ्याचसाठी, आणि या कामाला ती खरोखर उपयोगी आहे.

साध्या पेटीत बोटाने दाबायच्या प्रत्येक पट्टीखाली तिचा सूर कायमचा ठरलेला असतो. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची अख्खी चौकट खालच्या सुरांवरून डावी-उजवीकडे सरकते. चौकट सरकवणारा खटका एक घर (खाच) पुढे नेला की त्याच बोटांनी अर्धा सूर वरचं गाणं वाजतं. दुकानदार ‘नऊ स्केल’ एवढंच सांगतो. खरा प्रश्न असतो मूळ जागेपासून वर किती घरं आणि खाली किती. वर चार, खाली चार अशी पेटी असेल तर काळी एकवाल्या सरांना पांढरी चारपर्यंत जाता येतं, त्यांचं भागलं. काळी चारवाल्या बाई मात्र खाली पांढरी तीनलाच अडकतात, राष्ट्रगीताचा तार सा लहान मुलांना ताणून लागतो. पांढरी दोनसाठी त्यांना सहा घरं खाली जावं लागतं, म्हणून त्यांनी तेरा स्केलचीच (वर सहा, खाली सहा) पेटी पाहावी.

आकाराचं म्हणाल तर 39 पट्ट्यांची, म्हणजे सव्वातीन सप्तकांची पेटी शाळेला पुरते. 42 पट्ट्यांनी किंमत आणि वजन वाढतं, समूहगानात फारसा फरक पडत नाही. खरज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (मधल्या सप्तकाचा) अशी सुरांची जोडी हवीच. एकेरी सुराचा आवाज चाळीस मुलांत ऐकू येत नाही. तिसरी मादी (वरच्या सप्तकाच्या सुरांची) लाइन घेऊ नये: भाता जास्त मारावा लागतो, आणि मुलांच्या गळ्याच्याच उंचीला आणखी एक झणझणीत आवाज येतो. कपलरवर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबणाऱ्या जोडणीवर) तर पैसे घालूच नयेत. शाळेच्या वापरात सगळ्यात आधी बिघडतो तो कपलर.

दुकानात पेटी पाहताना घाई करू नये. आधी सगळे स्टॉपर (सुरांकडे जाणारी हवा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या खुंट्या) बंद करून भाता भरावा आणि हात सोडावा; भाता लगेच बसला तर हवा गळते आहे. मग स्टॉपर उघडून, एकही पट्टी न दाबता पुन्हा भरावा. बारीकसा सूर आपोआप बोलत राहिला तर त्या पट्टीखालची गादी नीट टेकत नाही. त्यानंतरची परीक्षा बहुतेक जण टाळतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच येतो. खटका प्रत्येक घरात नेऊन, प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक पट्टी दाबून पाहायची. चौकट केसभर जरी इकडेतिकडे बसली, तरी पट्टी दोन सुरांच्या मध्ये येते आणि दोन्ही एकदम बोलतात. मधल्या घरात सगळं ठीक आणि टोकाच्या घरात असा घोटाळा, हे नव्या पेटीतही आढळतं. टोकाच्या पट्ट्या मुक्या तर होत नाहीत ना, हेही त्याच वेळी कळतं. सुरांचं माप मोबाइलच्या ट्यूनरवर घ्यावं, मधल्या सप्तकातली पांढरी सहा 440 हर्ट्झ धरून. खरज आणि नर एकत्र वाजवल्यावर आवाज लाटेसारखा हलत असेल, तर जोडी जुळलेली नाही.

आता मराठवाड्याच्या हवेचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी पत्र्याच्या खोलीत कुलूपबंद राहते. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी. लाकूड आकसतं, सांधे उघडतात, आणि जूनमध्ये भाता दम धरत नाही. पाऊस लागला की तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात, नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या कार्यक्रमांच्या तोंडावर. साध्या पेटीत एखादी पट्टी अडकते. स्केल चेंजरची चौकटच फुगून खटका हलेनासा होतो. तो जोर लावून ओढू नये, दाते झिजले की घर पुन्हा कधीच बरोबर बसत नाही. सुट्टीत पेटी स्लॅबच्या खोलीत, भिंतीपासून दूर, खोक्यात ठेवावी आणि जाळी-झाकणाच्या फटी बंद कराव्यात, कारण उंदीर भात्याचं कापड आणि चामडं कुरतडतात. खटका मधल्या घरातच ठेवावा. एसटीच्या टपावर किंवा डिकीत ही पेटी टाकू नये. वजन साधारण 14-15 किलो, आणि एका आदळण्याने चौकट सरकते.

एखादा सूर अचानक बंद पडला तर तो तुटलाच असं नाही. बहुतेक वेळा पितळी जिभेत धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागद जिभेखालून हलकेच फिरवला की सूर बोलतो. सूर लावायला मात्र कारागीरच हवा. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि खरवडलेलं पितळ परत येत नाही. खरवडलेला सूर दुसऱ्या दिवशी थोडा हलतो, म्हणून लगेच पेटी घेऊन जाऊ नये, एक दिवस तिथेच ठेवावी.

पेटी कितीही चांगली असली तरी एक मर्यादा तिच्या बांधणीतच आहे. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. रोज पेटीच्या जोरावर गायलेली मुलं तोच गंधार घोटतात, आणि तानपुऱ्यावर बसवल्यावर बेसूर वाटतात. स्वरांचा रियाज इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर घ्यावा. तो बॅटरीवर चालणारा असावा, तालुक्याच्या गावात शाळेच्या वेळेतही लाइट जाते. पेटी सुरुवातीचा सा द्यायला आणि नवी चाल पहिल्यांदा सांगायला वापरावी.

शिवाय एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, मग मुलांना समेवर आणायचं कोणी? वाजवत बसलेल्या शिक्षकाकडे मागची रांग बघतच नाही, तिची लय ओढत जाते. राष्ट्रगीत 52 सेकंदांत संपायला हवं. घड्याळ लावलं की हे लगेच उघड होतं. सा देऊन उभं राहावं आणि दोन्ही हातांनी लय दाखवावी. वाजवायला आठवी-नववीतला, संगीताची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झालेला एखादा विद्यार्थी बसवावा. त्याची बोटं काळी एकलाच बसलेली असतात, आणि गाणं बदलताना त्याला फक्त खटका हलवावा लागतो. स्केल चेंजरचे जास्तीचे पैसे इथे वसूल होतात.

शाळेत एकच शिक्षक असेल, कोणी विद्यार्थी तयार नसेल आणि गाणी वर्षाला चार-पाचच होत असतील, तर साधी जोडसुरांची पेटी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून तानपुरा आणावा. स्केल चेंजर कुरियरने मागवायची असेल, तर प्रत्येक घरात सगळ्या पट्ट्या वाजवल्याचा सलग व्हिडिओ आधी मागावा. परतीची मुदत आणि सूर लावून देण्याची हमी पावतीवर लिहून घ्यावी, आणि पेटीबरोबर पट्ट्यांच्या चार-सहा जादा स्प्रिंगा मागून घ्याव्यात.