फ्लेक्सवरचा टॉपर आणि आमच्या धाकट्याची फी

पुण्यात स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायला निघालेली पोरं आणि त्यांच्या घरचे, यांच्यासाठी हे लिहितोय. क्लासचं नाव देत नाही. एक तर प्रकरण ग्राहक आयोगात आहे, आणि दुसरं म्हणजे नाव बदलून हीच गोष्ट सदाशिव पेठेतल्या बऱ्याच जिन्यांवर ऐकायला मिळेल.

माझा धाकटा भाऊ बीएस्सी ॲग्री झाला आणि यूपीएससी-राज्यसेवा करणार म्हणाला. क्लास कोणता, ते त्याच्याआधी फ्लेक्सनेच ठरवून टाकलं होतं. निकाल लागला की शास्त्री रस्त्याला खांबाखांबावर टॉपरचे चेहरे झळकतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. त्यातला एक आमच्या शेजारच्या तालुक्यातला होता. झेडपीच्या शाळेत शिकलेला, वडील एसटीत कंडक्टर. फोटोखाली मोठ्या अक्षरात ‘आमचा विद्यार्थी’. धाकट्याने त्याची रील आईला दाखवली. आई म्हणाली, “आपल्यासारख्याच घरचं पोर आहे की रे!” सौदा तिथेच झाला. बॅचमध्ये किती पोरं असतात, शिकवणारे कोण, हे सगळं त्या एका चेहऱ्यापुढे मागे पडलं.

मग काउन्सेलरचे फोन सुरू. “दादा, आज रात्री बारापर्यंतच ही फी आहे, शेवटच्या बारा जागा राहिल्यात.” फी सांगितली ८५ हजार. पावतीवर १८ टक्के जीएसटी चढून झाले १ लाख ३०० रुपये. एकरकमी जमत नसेल तर ‘नो कॉस्ट ईएमआय’. वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो काउन्सेलरने फोनवरच विचारून घेतला. तो ओटीपी फायनान्स कंपनीच्या कर्जाचा होता. म्हणजे क्लासला पैसे पहिल्याच झटक्यात पोचले आणि वडील कर्जदार झाले. शेवटच्या बारा जागा मात्र दिवाळीनंतरही शेवटच्या बाराच होत्या.

क्लासबद्दल फार लिहीत नाही. डेमो लेक्चरला जे सर होते ते पुन्हा दिसले नाहीत, अर्धा अभ्यासक्रम रेकॉर्डेड व्हिडिओंवर उरकला. असं बऱ्याच ठिकाणी चालतं.

खरी गोष्ट कळली ती त्या टॉपरच्याच तोंडून. आमच्याकडे मार्केट यार्डात त्याचा सत्कार होता. माझं कृषी सेवा केंद्र तिथेच आहे, तेव्हा गाठ पडली. धाकट्याचा विषय काढला तर तो ओशाळला. “दादा, मी तिथे शिकलोच नाही. मेन्स निघाल्यावर त्यांचा फुकट मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाची मुलाखत होती, ती दिली. नंतर शाल घातली, फोटो काढला. बाकी सगळा अभ्यास अभ्यासिकेत बसून.” असे मॉक त्याने आणखी दोन-तीन ठिकाणी दिले होते, आणि त्या सगळ्यांच्या फ्लेक्सवर तो होता.

यातली मेख बघा. फोटो खरा, नाव खरं, रँक खरी. लपवलं काय, तर पोराने तिथे नेमका कोणता कोर्स केला तेवढंच. यूपीएससीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ची. मॉकला येणारा पोरगा पूर्व आणि मुख्य दोन्ही आधीच पार करून आलेला असतो. ती मेहनत दुसरीकडे झालेली, आणि तिच्या जोरावर विकली जाते पायापासून शिकवायची लाखाची फाउंडेशन बॅच. बियाण्याच्या कंपन्याही बांधावर असाच शेतकऱ्याचा फोटो लावतात. त्याचं ठिबक, त्याचं शेणखत फोटोत येत नाही.

हा एकट्या पुण्याचा आजार नाही. यूपीएससीच्या २०२२च्या परीक्षेत देशभरातून ९३३ जणांची शिफारस झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ज्या वीस क्लासेसची चौकशी चालवली होती, त्यांच्या दाव्यांची बेरीज साडेतीन हजारांवर जात होती! पुढे अनेकांना दंड झाले. १३ नोव्हेंबर २०२४ला प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता कोर्स केला, किती मुदतीचा, पैसे भरून की फुकट, हे जाहिरातीत ठळक लिहायला हवं. ‘थोड्याच जागा उरल्या’ अशी खोटी घाई करायलाही मनाई आहे. तेव्हा काउन्सेलरला सरळ विचारा, “या पोराने तुमचा कोणता कोर्स केला, ते लेखी द्या.” तो लगेच सत्राशे साठ गोष्टी सांगायला लागेल, पण लेखी काही देणार नाही. तिथूनच परत फिरा. आणि हप्त्याच्या कागदावर फायनान्स कंपनीचं नाव दिसलं, तर क्लास सुटला तरी कर्ज सुटत नाही हे धरून चाला.

आम्ही फी परत मागितली तेव्हा पावतीची मागची बाजू दाखवण्यात आली. ‘भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. क्लासचं उत्तर तेच, फक्त इंग्रजीत. त्या आठवड्यात इन्स्टाग्रामवरून टॉपरची रील मात्र गायब झाली. धाकट्याने ती आधीच डाउनलोड करून ठेवली होती, फ्लेक्सचा फोटो आणि काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेजही होते. तुम्हीही हे जपून ठेवा, तोंडी बोलणं पुढे कामाला येत नाही.

मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू शकतो, म्हणून आम्ही सोलापुरात लावला. हप्ते अजून चालूच आहेत, वडील दर महिन्याला भरतात. पण तारखेला आता क्लासच्या वकिलाला पुण्याहून सोलापूर गाठावं लागतं.