सात किलो, पंधरा किलो की सरळ झेलम? दिल्लीला फराळ न्यायचा हिशोब

लेक नोएडाला नोकरीला लागल्यापासून माझ्या वर्षाला तीन तरी पुणे-दिल्ली फेऱ्या होतात. आणि दरवेळी आदल्या रात्री आमच्याकडे तोच सीन, हॉलमध्ये उघडी बॅग, शेजारी वजनकाटा, सासूबाई म्हणतायत अगं भाजणी राहिली, नवरा म्हणतोय भाजणी तिथे विकत मिळते, आणि मी लाडवांचा डबा एकदा आत एकदा बाहेर करतेय. मागच्या महिन्यात चुलत बहिणीचा फोन आला, तिचा मुलगा गुडगावला गेलाय, ती पहिल्यांदाच दिवाळीला जाणार आहे, तर कुठलं तिकीट काढू, स्वस्तातलं काढलं तर चालेल का? तिला फोनवर जे पाऊण तास सांगितलं तेच इथे लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी एक गोष्ट. आपण तिकीट बघतो तेव्हा जाणं-येणं मिळून एकच प्रवास धरतो, पण बॅगेच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवास असतात. दिवाळीला मी जाताना वीस किलो नेते आणि येताना बॅगेत रिकामे डबे आणि दोन साड्या. मे महिन्यात लेक येते तेव्हा बरोब्बर उलटं, येताना पाठीवर एक सॅक आणि जाताना आंबे, मसाले, पापड, कुरडया. दोन्ही बाजूंना सारखंच तिकीट काढायची सवय आपल्याला महागात पडते. जाण्याचं एक आणि येण्याचं दुसरं, वेगवेगळ्या कंपनीचं काढलं तरी काही बिघडत नाही.

आता पर्याय.

सगळ्यात स्वस्त दिसतं ते फक्त केबिन बॅगवालं तिकीट. २०२१ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, कंपन्यांना परवानगी दिली की ज्याला सामान चेक-इन करायचं नाही त्याला तिकिटात सूट द्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एअर इंडिया एक्सप्रेसने एक्सप्रेस लाइट नावाने असं भाडं आणलं. सात किलो हातात, बाकी काही नाही. आणलं तेव्हा आधी बुक केलं तर हातातलेच आणखी तीन किलो फुकट अशी सोयही ठेवली होती. आणि मग लाइट काढून वर बॅग घ्यायचीच असेल तर १५ किलोचे तेव्हा हजाराच्या घरात पडायचे. दर बदलत राहतात म्हणून बुक करताना मी दोन्ही बेरजा करून बघते, लाइट अधिक बॅग किती आणि साधं तिकीट किती. बरेचदा फरक चहा-वडापावचा निघतो, मग लाइटच्या भानगडीत पडायचं कशाला.

सात किलो म्हणजे किती हे लोकांना खरंच कळत नाही. आपल्या घरातली ती कडक कवचाची छोटी ट्रॉली नुसती रिकामी अडीच किलोची भरते, म्हणजे उरले साडेचार. त्यात लॅपटॉप आणि चार्जर गेले की उरले अडीच. अडीच किलोत दोन ड्रेस, एक स्वेटर आणि बेसनाचे पंधरा लाडू. बस. त्यापेक्षा कापडी सॅक घ्या, पाऊण-एक किलोची असते, दीड किलो सरळ वाचतो आणि सीटखालीही ढकलता येते. माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरच्या आत असावं लागतं आणि गच्च फुगलेली सॅक विमानतळावरच्या त्या मापाच्या लोखंडी चौकटीत जात नाही, हा अनुभव घेऊन झालाय. लॅपटॉपची बॅग वेगळी धरतात की सातातच, हे कंपनीवर आहे. इंडिगोत पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग तीन किलोपर्यंत वेगळी चालते, एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये दोन्ही मिळून सात. हा फरक तिकिटाच्या पानावर कुणी ठळक लिहीत नाही.

लाइट कोणासाठी बरं? दोन दिवसांच्या ऑफिसच्या कामाला जाणाऱ्यासाठी, इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरांसाठी, आणि माझ्यासारखीच्या येण्याच्या बाजूला. दिवाळीला जाण्याच्या बाजूला मुळीच नाही. कारण आपण कितीही ठरवलं तरी निघताना शेजारच्या काकू एक डबा आणून देतातच, त्यांची पुतणी दिल्लीतल्या द्वारकेला असते.

दुसरा पर्याय म्हणजे नेहमीचं तिकीट, १५ किलो चेक-इन आणि ७ हातात. इंडिगो, आकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेसचं साधं भाडं, देशातल्या देशात सगळीकडे हेच. लोकांना अजून वाटतं की एअर इंडियाचं तिकीट थोडं महाग पण सामान भरपूर, तर ते दिवस गेले, २०२४ च्या मे महिन्यापासून त्यांच्या इकॉनॉमीच्या खालच्या दोन भाड्यांतही १५ च किलो झालं, २५ हवं तर फ्लेक्स नावाचं वरचं भाडं घ्यायचं. तरी फ्लेक्स आणि बजेटवाल्याचं तिकीट अधिक दहा किलो हे शेजारी-शेजारी लावून बघा, कधीकधी फ्लेक्स बरं पडतं आणि वर जेवण मिळतं. जेवणाचं मला कौतुक नाही, पण नवऱ्याला आहे.

या पंधरा किलोत एक मेख आहे जी मी पैसे देऊन शिकले. पंधरा किलो म्हणजे बऱ्याच ठिकाणी एकच बॅग. मी एकदा नऊ किलोची बॅग आणि साडेपाच किलोचं खोकं घेऊन गेले, छातीठोकपणे काट्यावर ठेवलं, साडेचौदा भरलं, आणि काउंटरवरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली मॅम दुसऱ्या नगाचे पैसे लागतील. वजन बसतंय की, म्हटलं. वजन बसतंय मॅम, नग बसत नाहीये. कंपनीचं नाव घेत नाही, नियम त्यांच्या साइटवर लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता. मागे रांग, पुढे लाडू, भरले पैसे. तेव्हापासून खोकं बंद, एकच मोठी मऊ बॅग. मऊ कारण मोठ्या चाकांच्या कडक बॅगा रिकाम्याच चार किलोच्या असतात, पंधरातले चार किलो आपण प्लास्टिक नेतो.

दोघं जात असाल तर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर काढा. माझ्या अनुभवात दोघांचं मिळून तीस धरतात, एक बॅग अठराची आणि एक बाराची असली तरी चालून जातं. सूट मिळते म्हणून दोन वेगळ्या ॲपवरून दोन तिकिटं काढली की हा फायदा गेला, मग काउंटरसमोर फरशीवर बसून दोन्ही बॅगा उघडून लाडू इकडून तिकडे. पुण्याच्या विमानतळावर, लोहगावला, हे दृश्य दिवाळीच्या आठवड्यात रोज दिसतं.

तिसरा, जास्तीचे किलो आधीच ऑनलाइन विकत घेणं. तीन, पाच, दहा, पंधरा असे टप्पे असतात. हे विमानतळावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे मनाची शांती. विमानतळावर किलोला पाचशे-सहाशे धरूनच चाला, म्हणजे चार किलो जास्त झाले की दोन-अडीच हजार गेले. दोन-अडीच हजारात चार किलो भाजणी! सासूबाईंना मी हा आकडा अजून सांगितलेला नाही. माझा नियम असा की घरच्या काट्यावर सोळा भरलं तर एक किलो काढून हातातल्या बॅगेत टाकायचं, सतरा-अठरा भरलं तर तीन किलोचा टप्पा घ्यायचा, आणि वीसच्या वर गेलं तर थांबून विचार करायचा की हे सगळं विमानातूनच जायला हवं का. वजनाला ते हुकवालं छोटं लगेज स्केल घ्या, काहीशे रुपयांत मिळतं. नसेल तर बाथरूममधल्या काट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी. स्वतःचा आकडा मनातल्या मनात ठेवायचा.

कॉलेजात शिकणारी मुलं असतील तर हे सगळं विसरा आणि स्टुडंट फेअर बघा. इंडिगोत त्यावर दहा किलो जास्त मिळतं, इतरही काहींकडे आहे, फक्त कॉलेजचं ओळखपत्र हातात हवं. लेक शिकत होती तेव्हा आम्हाला हे दोन वर्षं माहीतच नव्हतं.

चौथा, जड ते आधीच पार्सलने. चिवडा फुगतो पण हलका असतो, लाडू-भाजणी-मसाले हे खरं वजन. आणि यातलं काहीही चार-पाच दिवसांत खराब होत नाही. स्पीड पोस्टात ३५ किलोपर्यंत जातं, कुरियरवाले दिवाळीत फराळाची वेगळी खोकीच ठेवतात. किलोमागे जे लागतं ते विमानतळाच्या दराच्या जवळपासही जात नाही. तोटा एकच, दिवाळीच्या तोंडावर पाठवलं तर भाऊबीज होऊन गेल्यावर पोचतं, त्यामुळे दहा-बारा दिवस आधी. आणि करंज्या पाठवू नका, त्या हातातूनच न्याव्या लागतात, चुरा झालेल्या करंज्यांचे फोटो माझ्याकडे आहेत.

पाचवा पर्याय सांगितला की पोरं हसतात, पण रेल्वे. झेलम एक्सप्रेस संध्याकाळी पुण्यातून निघते आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीत, विमानाला दोन-सव्वादोन तास. पण थ्री टायर एसीत माणशी ४० किलो फुकट, टू टायरला ५०. आम्ही दोघं गेलो तर ऐंशी किलो, त्यात मिक्सर नेला होता एकदा आणि पितळी समया. लेक नवीन घरात राहायला जाणार असेल, भांडीकुंडी न्यायची असतील, आणि तुमच्याकडे वेळ असेल तर रेल्वेला तोड नाही. फक्त आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, आधी एकशेवीस होते, आणि दिवाळीच्या दिवसांत पहिल्या काही मिनिटांत वेटिंग लागतं. गुडघे दुखत असतील तर जिन्यांचा विचार करा, ऐंशी किलो फुकट असलं तरी उचलायचं कुणी.

एक वेगळी केस मुद्दाम सांगते कारण यात भल्याभल्यांची फसगत होते. मुलगा अमेरिकेला निघालाय, दिल्लीहून फ्लाइट आहे, २३-२३ च्या दोन बॅगा चालतात म्हणून घरी छेचाळीस किलो भरलं, आणि पुणे-दिल्लीचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलं. त्या वेगळ्या तिकिटावर पंधराच किलो. एकतीस किलो जास्त, किलोला सहाशे धरले तर अठरा हजार सहाशे, आणि तेही निघायच्या दिवशी, रडारडीच्या मधे. अशा वेळी सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा म्हणजे परदेशातल्या फ्लाइटचं वजन इथूनच लागू होतं, नाहीतर मुंबईहून फ्लाइट बघा आणि पुण्यातून गाडी करा. गाडीवाला किलो मोजत नाही.

आणि युरोपात फिरायला जाणाऱ्यांनी आपल्याकडचे सात अधिक पंधरा डोक्यातून काढून टाका. रायनएअर, विझ एअर यांच्या साध्या तिकिटात फक्त सीटखाली मावेल एवढी छोटी बॅग फुकट, वरच्या कप्प्यातल्या ट्रॉलीलाही पैसे. आपली केबिन ट्रॉली तिथे गेटवर अडते.

काही बारीकसारीक, कारण विचारलं जातंच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातही नाहीत आणि चेक-इनलाही नाहीत, तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून बंदी आहे. चिवड्यातले काप आजवर कुणी वेचून काढले नाहीत. लोणचं हातात नको, चेक-इनमध्ये टाका, बरणी नको, जाड पिशवी आत पिशवी आणि त्याच्याभोवती जुना टॉवेल. पॉवरबँक मात्र उलट, ती हातातच, चेक-इनमध्ये सापडली तर बॅग उघडायला बोलावतात. औषधं हातात. दिल्लीची थंडी म्हणून नेताय ते जाड जाकीट बॅगेत भरू नका, अंगात घाला किंवा हातावर टाका, लोहगावला घाम येईल पण जाकीट एक-सव्वा किलोचं असतं.

तर बहिणीला मी शेवटी काय सांगितलं. ती एकटी जातेय, नऊ दिवसांसाठी, गुडघे बरे आहेत पण एवढा वेळ गाडीत बसायचं नाही म्हणते. जाताना साधं पंधरावालं तिकीट, वर तीन किलोचा टप्पा आत्ताच घेऊन ठेव. भाजणी आणि मसाले वसुबारसेच्या दहा दिवस आधी पार्सल. येताना लाइट. त्यावर ती म्हणाली, येताना लाइट कसं, मला सरोजिनी मार्केटला खरेदीला जायचंय. मग म्हटलं बाई, येताना पण पंधराच काढ.