बॉनेट गरम होतं, अन् मी त्यावर हात शेकत होतो

3,82,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "जुन्या ट्रॅक्टरात किती गेले?" असं कुणी विचारायला नको. 21,000 टोकन फोनवरून, 2,50,000 'मालकाच्या जावयाच्या' खात्यात, 91,000 रोख, नाव चढवून द्यायचे 14,500 आणि अनुदानाच्या फाईलचे 6,000. शेवटचे सहा हजार वाचून हसू नका, त्यावर येतोच.

वस्तू काय, तर 24 एचपीचा फोर बाय फोर मिनी ट्रॅक्टर. 2018 चं मॉडेल, मध्य प्रदेश पासिंग, मीटरवर 1,186 तास. वरुड-मोर्शी पट्ट्यात सीमेपलीकडून आलेल्या अशा गाड्या दर हंगामात फिरतात, आंबिया बहाराचा संत्रा विकून माणसाच्या हातात पैसा आला की जास्तच.

निवड चुकली नव्हती, हे ठासून सांगतो. पाच एकर वावर, त्यात दोन एकर संत्रा 6 बाय 6 मीटरवर, बाकी पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. मोठा 40 एचपीचा ट्रॅक्टर भरात आलेल्या बगीच्यात घातला की खालच्या फांद्या मोडतो आणि काळी माती दाबून टाकतो. 15 एचपीचा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर फवारणीला, डवरणीला झकास, पण भारी जमिनीत चार फुटी रोटावेटर लावला की धापा टाकतो. 24 एचपीच्या इंजिनातून पीटीओला (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला) साधारण 20 एचपी मिळते, त्यावर चार फुटी चालतो. फोर बाय फोर यासाठी, की एवढं हलकं यंत्र ओल्या काळ्या मातीत नुसत्या मागच्या चाकांवर जागच्या जागी फिरत बसतं. (बगीच्यात रोटावेटर चालवायचाच तर वरवर चालवा. संत्र्याची खाणारी मुळं वरच्या थरातच असतात, ती कापली की पुढे डिंक्या रोगाला वाट मोकळी होते.) नवा तेव्हा साडेपाच-सहा लाखांच्या घरात जात होता, म्हणून जुना. इथवर सगळा हिशेब बरोबर होता. राग त्याचाच आहे.

आता ट्रॅक्टर पाहायला गेलो ती सकाळ. डिसेंबरचा मधला आठवडा, साडेसात वाजलेले, गवतावर दव. एजंट म्हणाला, "दोन दिवसापासून उभाच हाये भाऊ, कोणी हात नाही लावला." मी म्हटलं, लाव सेल्फ. एका सेल्फात उठला. धूर नाही, खडखड नाही. मी खूश. थंडी होती, म्हणून बोलता बोलता बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले. ऊब आली. बरं वाटलं. तिथेच उभा राहून पाच-सात मिनिटं हात शेकत मी भाव पाडत होतो, 4,10,000 वरून 3,62,000 वर आणला म्हणून मनात फुशारत होतो.

इंजिन सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. बॉनेट गरम कसं? डिसेंबरात दोन दिवस उभं असलेलं लोखंड हाताला चटका देतं, गारठ्याचा. ते उबदार होतं, म्हणजे पहाटे कुणीतरी अर्धा-पाऊण तास चालवून ठेवलं होतं. ज्याच्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात त्या इंजिनात थंड असताना कॉम्प्रेशन धरत नाही, चार-पाच सेल्फ मारावे लागतात, पांढरा धूर कोंडतो, आणि ऑइल वर चढेपर्यंत बेअरिंगचा आवाज येतो. गरम करून ठेवलं की हे सगळं झाकलं जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. क्लच प्लेट स्वतःच्या हाताने बदललेला माणूस आहे मी. पण हाताला ऊब लागली आणि डोकं थंड पडलं.

तुम्ही जाल तेव्हा पोहोचल्या पोहोचल्या, रामराम करायच्या आधी, सायलेन्सरच्या बुडाला आणि रेडिएटरला हात लावा. कोमट जरी लागला तरी "संध्याकाळी येतो" म्हणून निघून जा, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पहाटे हजर व्हा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर येत असेल तर रिंगा-लायनरचं काम आहे. माझ्यात जाडसर ऑइल भरून तो धूर दाबला होता. डिपस्टिकवरून ऑइल काकवीसारखं सावकाश उतरत होतं. तेही पाहिलं, आणि "नवीन टाकलंय" हे ऐकून घेतलं.

मागचे टायर नवे होते. मला वाटलं, वीसेक हजारांचा फायदा. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. माझ्यावर 1424 होतं, म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा. 2018 ची गाडी, फक्त 1,186 तास चाललेली, तिचे मूळ टायर झिजून बदलायची वेळ का आली? वावरात चालून एवढ्या तासांत टायर जात नाहीत. रस्त्यावर ट्रॉली ओढून जातात. मीटर फिरवता येतो, पण ट्रॉली जोडायच्या ड्रॉबारचं भोक लांबट झालेलं, अवजार धरणाऱ्या खालच्या लिंकच्या गोळ्या ढिल्या, पीटीओच्या शाफ्टचे दाते धारदार झालेले, क्लच पॅडलचं रबर गुळगुळीत, हे कोण फिरवणार? माझ्यात पॅडलचं रबर कोरं करकरीत होतं. नवं रबर म्हणजे जास्त संशय, कमी नाही.

पुढचे टायर तर वेगळीच गंमत. साइज मॅन्युअलमधली नव्हती, मिळाले ते बसवले होते. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित, शेकडा 1 ते 5, जास्त वेगाने फिरावी लागतात. हे गणित गिअरमध्ये पक्कं बसवलेलं असतं. टायरचा घेर बदलला की पुढचं आणि मागचं एकमेकांशी ओढाताण करतं, आणि तो सगळा पीळ पुढच्या एक्सलमधल्या गिअरांवर, म्हणजे क्राउन-पिनियनवर येतो. तपासायची रीत सोपी. मागच्या चाकाला खडूची खूण करा. फोर बाय फोरचा लिव्हर काढून मागच्या चाकाचे दहा फेरे होईस्तोवर चालवा आणि पुढच्याचे मोजा. समजा 17 आले. मग भुसभुशीत वावरात लिव्हर लावून तेच करा. 17 पेक्षा थोडे जास्त यायला हवेत, फार तर पाऊण फेरा. कमी आले किंवा दीड-दोन जास्त आले, तर सोडून द्या. अजून सोपं म्हणजे लिव्हर लावून सिमेंट रस्त्यावर थोडं चालवा आणि लिव्हर काढून पहा. माझा निघेना. एजंट म्हणाला, "नवीन गाडीचा लिव्हर कडकच राह्यते भाऊ." सहा वर्षांची नवीन गाडी!

एकोणिसाव्या दिवशी रोटावेटर चालू असताना क्लच हाउसिंगमधून ऑइल गळायला लागलं. धुऊन पाहिलं तर वेल्डिंग. ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्ट केलेले असतात आणि तेच अंग असतं. मिनी ट्रॅक्टरला रेतीची, विटांची ट्रॉली जुंपली की तो मधल्या सांध्यात तडकतो. हे सगळं बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, नुसतं साधं वेल्डिंग मारलं की टाक्याच्या शेजारून पुन्हा फुटतं. वर पुट्टी, वर रंग. सगळी गाडी रंगवलेली असली तर एक वेळ ठीक, पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या पट्ट्यातच रंग जाड दिसत असेल, किंवा तिथल्या बोल्टांची डोकी एकसारखी नसतील, तर चाकूच्या टोकाने खरवडून पहा. मालक ओरडला तर ओरडू द्या.

अवजार उचलणारी लिफ्टसुद्धा गरम ऑइलवरच तपासा. थंडीच्या सकाळी घट्ट ऑइल गळक्या सीललाही सांभाळून घेतं. तासभर काम करून अवजार उचला, इंजिन बंद करा, उंचीवर खडूने रेघ मारा, पाच मिनिटं थांबा. माझा रोटावेटर पाच मिनिटांत जमिनीला टेकला.

दुरुस्तीचा हिशेब: हाउसिंग 38,000, पुढचं क्राउन-पिनियन मजुरीसह 27,400, पुढचे दोन टायर 11,200, लिफ्टचं सील किट आणि पंप 6,850. बेरीज 83,450. म्हणजे एकूण 4,65,950, आणि रिंगांचं काम अजून बाकीच.

यंत्र तरी दुरुस्त होतं, कागद होत नाहीत. एजंटने परिवहन अॅपचा स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यात फायनान्सची ओळ कापलेली. गाडीचा नंबर टाकून स्वतः पाहायला मला दोन मिनिटं लागली असती. गाडीवर बँकेचा बोजा तसाच आहे, 1,87,340 रुपये. बोजा उतरवायला फॉर्म 35 लागतो, त्यावर बँकेचा शिक्का-सही असते, सोबत बँकेचं पत्र. मला दिली झेरॉक्सची झेरॉक्स. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म 28, लागते आणि नाव बदलायला 29 आणि 30. आपल्याकडच्या आरटीओत कळलं की माझा 28 नंबरचा फॉर्म बनावट आहे. आणि जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागायचं मला सुचलंच नाही. बाजारात सतरंजी टाकून बसलेल्याला कोण असलं काही विचारतं?

आता ते सहा हजार. जुन्या ट्रॅक्टरला अनुदान नसतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, त्यानंतर नव्याची खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (जागेवर येऊन पाहणी), असा तो क्रम आहे आणि मला तो पाठ आहे. एजंट म्हणाला, "बिल नव्याचं बनवून देतो." मी सहा हजार दिले. म्हणजे चोराच्या गाठोड्याला हात लावायला मीही निघालो होतो. लाज वाटते, पण ठाण्यातल्या तक्रारीत जे लिहायची हिंमत झाली नाही ते इथे तरी लिहितो. तुमच्या मनात हाव जागी करून द्यायची, म्हणजे उद्या तुम्ही तोंड उघडणार नाही, हाच त्यांचा खरा धंदा.

आणि तोंड उघडलं तरी ऐकतो कोण? पहिल्या ठाण्यात सांगितलं, सौदा आमच्या हद्दीत नाही. ज्या हद्दीत सौदा झाला तिथे सांगितलं, पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तिकडे जा. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा." खोटा सरकारी फॉर्म हातात धरून उभा होतो मी! दिवाणी कसलं? फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (4) मध्ये येते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. 1 जुलै 2024 पासून हे लागू आहे. कलमाचा कागद पुढे केला तर म्हणे, "आम्हाला शिकवता का?" आरटीओची खिडकी म्हणते मूळ मालकाला घेऊन या. मूळ मालकाचा फोन लागत नाही. बँक म्हणते तुम्ही तिऱ्हाईत, तुम्हाला खात्याची माहिती देता येत नाही. पण त्याच बँकेच्या वसुलीवाल्याला माझं घर बरोबर सापडलं. दारात उभा राहून गाडीचे फोटो काढून गेला. चार ऑफिस, अकरा चकरा, वरुड ते अमरावती पेट्रोल आपलं, आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: "तुम्ही शिकलेले दिसता, मग घेतली कशी?"

काम झालं ते दोनच ठिकाणी. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवली, तेव्हा कुठे ठाण्यातून फोन आला. आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र समोरचा विक्रीचा धंदा करणारा असायला हवा. एखाद्या शेतकऱ्याने आपली एकुलती गाडी विकली असेल तर आयोगाचा उपयोग नाही. म्हणून पावतीवर एजंटची सही, कमिशनचा आकडा आणि त्याच्या दुकानाचा शिक्का घ्या. माझ्याकडे सही आहे, शिक्का नाही. पैसे आरसी बुकात ज्याचं नाव त्याच्याच खात्यात टाका, जावई-मेहुणा कुणी नाही. बोजा असेल तर आपला पैसा थेट बँकेत भरून एनओसी स्वतःच्या हातात घ्या.

आयोगाची पुढची तारीख दीड महिन्यावर आहे. ट्रॅक्टर गोठ्यापुढे उभा आहे. वावरात काढला आणि वसुलीवाल्याने धुऱ्यावरूनच उचलून नेला तर काय, म्हणून तीन एकरांची वखरणी भाड्याच्या गाडीने करून घेतली. एजंटचा नंबर अजून चालू आहे. परवा त्याच्या स्टेटसला हिरवी गाडी होती, मागचे टायर नवे, "एक हाती, 1,210 तास, दोन दिवसच ऑफर".