‘गारंबीचा बापू’ की ‘तुंबाडचे खोत’?

दोन्ही कादंबऱ्या श्री. ना. पेंडशांच्या, यंदाच्या पावसाळ्यात दापोलीत लागोपाठ वाचल्या. आधी ‘गारंबीचा बापू’ (1952) घ्या. गावाला न जुमानणारा बापू आणि तितकीच खमकी राधा एकमेकांना धरून उभे राहतात, तेव्हा आजही ऊर भरून येतो. पुस्तक हातातून सुटत नाही.

‘तुंबाडचे खोत’ (1987) दोन खंडांचं, सावकाश वाचायचं. जगबुडी नदीकाठच्या खोत (गावाचा सारा वसूल करणारे वतनदार) घराण्याच्या चार पिढ्या, त्यांचा माज, त्यांची वाताहत. सुरुवातीचा दरारा जबरदस्त आहे. पुढचा भाग मला लांबलेला वाटला. तरी खोती गावावर कशी स्वार व्हायची, हे इथेच कळतं. वाचताना वंशावळ कागदावर मांडत जा, नाहीतर काका-पुतण्यांचा गोंधळ होतो.