ठेकेदार म्हणाला साडेसहा लाख, काम झालं पावणेदोन लाखात (स्ट्रक्चरल ऑडिटचा अनुभव)

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते शेवटी सांगतो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली आठ माग, वर आम्ही राहतो, मागच्या अंगाला आजोबांच्या काळातली माळवदाची (लाकडावर मातीचं छत) खोली. पुढचा आरसीसी भाग १९८९ चा. गेल्या पावसाळ्यात जिन्याजवळच्या कॉलमचा पोपडा पडला आणि आतली गंजलेली सळई दिसायला लागली, त्यात मागच्या दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेलेली. एका ठेकेदाराला बोलावलं, त्याने दहा मिनिटं मान वर करून बघितलं आणि सांगितलं, सगळ्या कॉलमला जॅकेटिंग (म्हणजे भोवती नवीन काँक्रीटचं कवच), सगळं प्लास्टर नवीन, साडेसहा लाख. आप्पा म्हणाले, "एवढे पैसे कुठून आणायचे बे, माग विकून का?" मग चुलतभावाच्या ओळखीने एका स्ट्रक्चरल इंजिनियर सरांना बोलावलं. ऑडिटची, म्हणजे घराच्या मजबुतीच्या तपासणीची, टेस्ट धरून फी २८,०००. तेव्हा लई वाटली.

सर दोन पोरांना घेऊन आले आणि अख्खा दिवस होते. आधी हातोडीसारख्या मशीनने कॉलम ठोकून रीडिंग घेतली (रिबाउंड हॅमर), पण स्वतःच म्हणाले की जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेने कडक होतो, त्यामुळे हे आकडे उगाच चांगले येतात, नुसत्या ह्यावर जाऊ नका. मग भोक पाडून फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन मारलं. जिथं काँक्रीट अजून ठीक तिथं गुलालासारखं गुलाबी होतं, जिथं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा गेलाय तिथं रंगच येत नाही, आणि तो बिनरंगाचा भाग सळईपर्यंत पोचला की गंज धरायला मोकळं रान. गंजलेली सळई फुगते, तीच आतून काँक्रीट ढकलून पाडते. आमच्या बारा कॉलमपैकी तीनच असे निघाले, तिन्ही वरच्या बाथरूमच्या खालचे! आप्पांना इतकी वर्षं वाटत होतं मागांच्या हादऱ्याने घर खिळखिळं झालंय. सर म्हणाले माग जमिनीवर बसलेत, तुमचा चोर बाथरूमची गळती आहे. (बोलताना एक गंमत झाली, सर छताखालच्या तुळईला बीम बीम म्हणत होते आणि आप्पा मागावरचा सुताचा बीम समजून माग दाखवत होते.)

पण मला पैसे वसूल वाटले ते ह्यानंतरच्या कागदामुळे. सरांनी एक्सेल शीट बनवली, प्रत्येक धोक्यापुढे तो किती संभवतो, झालाच तर काय काय जाईल, कमी करायला खर्च किती. सर म्हणाले अमेरिकेत ह्याच्यासाठी एएसटीएम ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ई २५०६ नावाचं गाईड आहे, पद्धत तीन पायऱ्यांची, आधी धोका मोजा, मग उपाय काढा, मग पैशाचा हिशोब लावा. उपायही तीन जातीचे, बांधकामाचे, रोजच्या वागण्याचे आणि विम्यासारखे पैशाचे. आपल्याकडे ऑडिट म्हटलं की नुसता बांधकामाचा उपाय डोळ्यापुढे येतो, तिथंच आपण फसतो. शीटमध्ये 'काहीच करायचं नाही' हाही एक पर्याय होता आणि त्याच्यापुढेही खर्च लिहिलेला, कारण आज तीन कॉलमला पैसे लागतात, दहा वर्षांनी सहा कॉलमला लागणार. पुढचा खर्च आजच्या रुपयात आणायला एफडीचा दर धरला, ते मात्र मला दोनदा समजावून घ्यावं लागलं.

आता सगळ्यात स्वस्त काम कुठलं निघालं तर गच्चीवरच्या टाक्या. दीड हजार लिटरच्या दोन, स्लॅबच्या मधोमध. लिटरला एक किलो धरा, तीन टन वजन बिनाआधाराच्या जागी! त्या सरकवून कॉलमच्या डोक्यावर घेतल्या, प्लंबरसकट ४,५०० रुपये. त्याहून स्वस्त म्हणजे फुकट, जिन्यात आणि मागच्या दारापुढे रचलेल्या सुताच्या गाठी हलवल्या, म्हणजे आग लागली तर पळायला वाट मोकळी. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, त्यानंतर आमच्या गल्लीत सगळे आठवडाभर हळहळले आणि गाठी होत्या तिथंच राहिल्या, आमच्यासुद्धा. दार आता बाहेर उघडतं, ३,००० गेले. जुनी वायरिंग काढून एमसीबी आणि आरसीसीबी (शॉर्ट सर्किट झालं किंवा करंट गळला तर वीज आपोआप तोडणारे स्विच) बसवले, ३१,०००.

माळवदावरून घरात भांडण झालं. दरवर्षी पावसाआधी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची, जुनी कोण काढतंय, असं करत थर दोन फुटांच्या वर गेलेला. सर म्हणाले किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे ३:५६ ला भूकंप झाला, आणि माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन. आपलं सोलापूर भूकंपासाठीच्या आयएस १८९३ ह्या भारतीय बांधकाम कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, म्हणजे भूकंप आपल्याकडे येतच नाही असं कोणी म्हणू नये. आई म्हणाली माळवद काढलं तर मे महिन्यात खोलीत बसवणार नाही, आणि ते खरंच आहे. शेवटी फुटभर माती ठेवून बाकी उतरवली, कुजलेली दोन लाकडं बदलली, वर पत्र्याची शेड टाकली, ३८,०००. तीन कॉलमला मायक्रोकाँक्रीटचं जॅकेटिंग ८४,००० आणि बाथरूमची गळती १४,५००.

विमा आमचा होता, पण फक्त मालाचा. आता भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा घेतलाय, एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी असतो, इमारत, मशिनरी, माल सगळं एकत्र आणि आगीबरोबर भूकंप-पूरही त्यात येतो. मागाच्या किमती मात्र खऱ्या लिहा, प्रीमियम वाचवायला निम्म्या लिहिल्या तर क्लेम पण कापून मिळतो.

आता तक्रार. रिपोर्ट पंधरा दिवसांत देतो म्हणाले, लागले सात आठवडे, तोही ४२ पानं आणि सगळा इंग्रजीत, त्यामुळे आप्पांनी फक्त फोटो बघितले. एक्सेल शीट मी मागितली म्हणून मिळाली, नाहीतर छापलेल्या रिपोर्टमध्ये ती नव्हतीच, आणि खरा माल तर तोच. तेव्हा कोणालाही काम देताना आधीच बोलून ठेवा की खर्चाची शीट आणि एक पान मराठीत पाहिजे. आणखी एक, ऑडिट करणारा आणि काम करणारा एकच माणूस ठेवू नका, सरांनी स्वतःच ठेकेदारी घ्यायला नकार दिला ते मला आवडलं. अपार्टमेंटवाल्यांना तर सोसायटीच्या उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी करावंच लागतं, जुळे सोलापुरातल्या किती सोसायट्या करतात ते त्यांनाच माहीत.

मागच्या दाराची तिरकी भेग तशीच ठेवलीय. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याने पडली असेल असं सरांचं म्हणणं, पण लगेच बुजवू दिली नाही. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून गेलेत, भेग हलली तर काच तडकेल. चार महिने झाले, शाबूत आहे. पूर्ण एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघून मग ठरवू म्हणालेत, त्या व्हिजिटचे वेगळे पैसे नाहीत.