फुरसं म्हणून बोलावलं, निघाला मांजऱ्या (सर्पमित्राची सेवा, 5 पैकी 4 स्टार)

गावी रत्नागिरीकडे होतो, रात्री साडेदहाला पडवीत वाशावर साप दिसला, तपकिरी, पाठीवर पांढरट नागमोडी खुणा. बाबा म्हणाले फुरसं आहे, जहाल विषारी साप, कोणी पुढे जायचं नाही, आणि आमच्याकडे फुरसं म्हटलं की पुढे कोणी वाद घालत नाही. मी मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमध्ये फोटो टाकला तर त्यानेही फुरसंच सांगितलं (डिलीट केलंय ते). मग शेजारच्या काकांनी या सर्पमित्राचा नंबर दिला.

यायला पाऊण तास लागला, एक स्टार त्याचाच कापलाय. पण फोनवरच नीट सांगितलं की लांबून फक्त नजर ठेवा, काठी झाडू काही घेऊ नका. आला, बॅटरी मारली आणि म्हणाला मांजऱ्या आहे, निमविषारी. बाबा ऐकेनात! मग बरणीत घेतल्यावर त्याने एकेक दाखवलं: फुरसं बुटकं नि जाडसर, आमच्या भागातलं तर जेमतेम फूट-सव्वा फूट, खवले खरखरीत, तेच घासून करवतीसारखा आवाज काढतं, हा मात्र सडपातळ, अडीचेक फूट, मान बारीक, शेपूट लांबच लांब, खवले गुळगुळीत. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण, याच्या डोक्यावर इंग्रजी वायसारखी. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी म्हणून नाव मांजऱ्या, मी म्हटलं उभी बाहुली म्हणजे विषारी ना, तर म्हणे फुरशाचीही उभी आणि नागाची गोल, आता सांगा. तेव्हा गप्प बसलो.

पडवीतल्या ट्यूबलाईटजवळ पाली जमतात, त्या खायला आला असणार. विषाचे दात जबड्यात मागे, पाल धरून चावत राहतो तेव्हा विष उतरतं, माणसाला बहुतेक वेळा थोडी सूज नि दुखणं. तरी साप चावला तर ओळखत बसायचं नाही, थेट दवाखाना, हे त्याने तीनदा बजावलं. चिडला की हाही वेटोळं करून डोकं उचलतो, शेपूट थरथरवतो, त्यामुळे मांजऱ्याला फुरसं समजून मारतात म्हणे.

पैसे मागितले नाहीत, पेट्रोलचे दिले ते घेतले. भाच्याला सापासोबत सेल्फी हवा होता, चक्क नाही म्हणाला, हे फार आवडलं. जाताना वन विभागाचा 1926 नंबरही लिहून दिला.

बाबा अजून गावात सांगतायत, आमच्याकडे फुरसं निघालं होतं.